कमरेला बांधलेला काठ

आई, गेल्या महिन्यात खडकीत एका बाईंच्या घरी मी जमिनीवर पाय पसरून बसले होते. तेवढ्यात कोणीतरी मला कमरेतून हलकंच ओढलं आणि मी "आले, आले" म्हणत ताडकन उठले. समोरच्या सगळ्या काड्या खडखडत खाली पडल्या, धाग्यांचा गुंता झाला आणि त्या बाईंची अख्ख्या दुपारची मेहनत पाण्यात गेली. मला त्याचं भान नव्हतं. मी ओढणी कमरेला खोचून दाराकडे निघालेसुद्धा होते. दाराबाहेर व्हरांडा होता, तिथे कोणाचे तरी बूट वाळत घातले होते. ते बूट बघितले तेव्हा मला कळलं की हे आपलं कारखान्याचं क्वार्टर नाही, आतल्या खोलीत तू नाहीस, आणि मी आता तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयापेक्षा मोठी बाई आहे.

तू हसशील, पण मी तिथे विणायला शिकायला जाते. स्वेटर नाही, कापड. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा आमच्या ह्यांना वाटलं होतं, बायको आता घरी बसून लोणची घालेल. लोणच्यांची माझी ख्याती तुला माहीतच आहे, बुरशीला आमच्या घरी कायम आमंत्रण असायचं. तर एकदा हातमागाच्या प्रदर्शनात चादरी बघायला म्हणून गेले आणि एका कोपऱ्यात नागालँडच्या ह्या बाई दिसल्या. जमिनीवर बसलेल्या. मंडपाच्या खांबाला धाग्यांचं एक टोक बांधलेलं आणि दुसरं टोक त्यांच्या स्वतःच्या कमरेला, मागून एक रुंद पट्टा घेऊन. त्या मागे रेलल्या की धागे ताठ व्हायचे, पुढे झुकल्या की सैल पडायचे. लोक त्यांच्या हातांकडे बघत होते, नक्षीकडे बघत होते. मी त्यांच्या कमरेकडे बघत उभी राहिले. ह्यांनी दोनदा हाक मारली, शेवटी "मी गाडीत बसतो, तुझं दर्शन झालं की ये" म्हणून निघून गेले.

ह्याला कमरेचा माग म्हणतात. त्याला चौकट नाही, पायपट्ट्या नाहीत. थोड्या काड्या, आडवा धागा नेणारा धोटा, धागा ठोकायला तलवारीसारखी एक लाकडी पट्टी, बस. बाकीचा माग म्हणजे आपण. आपली पाठ ताठ तर धागा ताठ. आपण उठलो की माग उरतच नाही, केरात टाकाव्यात अशा काड्या उरतात. आधी उभे धागे दोन दांड्यांवरून गोल गोल फिरवून लावायचे, मग त्यांच्यातून आडवा धागा न्यायचा, लाकडी पट्टीने ठोकायचा, पुन्हा न्यायचा. ऐकायला सोपं वाटतं ना? सरावाला विणलेल्या आणि मग बाईंनी उसवायला लावलेल्या माझ्या वीतभर पट्टीची एक बाजू आत आणि दुसरी बाहेर गेली होती. ह्यांनी फोनवर तिचा फोटो बघितला आणि म्हणाले, "नकाशा कुठल्या देशाचा काढलायस?"

बाईंचे यजमान सैन्यातून निवृत्त झाले, मग इथेच सुरक्षारक्षक म्हणून लागले. बाईंना इथली सवय झाली, भाजीवाल्याशी घासाघीस मराठीतून करण्याइतकी. मला त्या दीदी म्हणतात. मी पहिल्या दिवशी पट्टा बांधून बसले आणि त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते असं, "दीदी, पीठ सीधी. तुम्ही पुढे येता ना, तो धागा झोपतो." माझ्या पाठीवर त्यांनी हाताचा तळवा टेकवला. तू अभ्यासाला बसवल्यावर मागून येऊन पाठीत चापट मारायचीस, "पोक काढून बसू नकोस, पुढे कोणी उंट म्हणून घेऊन जाईल" म्हणायचीस. सवय गेली नाही, आई. मी अजून पोक काढूनच बसते. बाई चापट मारत नाहीत, एवढाच फरक.

वारज्याहून खडकी म्हणजे अर्धं पुणं ओलांडून जाणं. तू गेल्यानंतर मी ते कधी ओलांडलं नव्हतं. रेल्वे स्टेशन बदललंय थोडं, बाजार तसाच आहे, कारखान्याच्या भिंतीही तशाच. आपल्या क्वार्टरची गल्ली येते तेव्हा मी स्कूटरचा वेग वाढवते. तू कामावरून सुटल्यावर ज्या फाटकाशी मी तुझी वाट बघायचे तिथे आता ऑटोमॅटिक दांडा बसवलाय. तू शिलाईच्या खात्यातून बाहेर यायचीस ती अंगाला खाकी कापडाचे धागे चिकटवून. मी चालता चालता ते तुझ्या खांद्यावरून वेचायचे आणि तू म्हणायचीस, "राहू दे गं, तेवढाच सरकारने दिलेला दागिना." बाबांच्या जागी लागलेली नोकरी होती तुझी. बाबा मला आठवत नाहीत. मला तू आठवतेस, आणि खाकी धागे.

मग तुझ्या घशाचं ते दुखणं निघालं. ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. मला सगळ्यात जास्त कसला राग आला असेल तर ह्याचा. तुझे हात काढून घेतले असते तरी तू बोलून घर चालवलं असतंस. तुझी अर्धी माया तुझ्या टोमण्यांत होती आणि नेमकं तेच तोंड बंद झालं. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेज बाजूला ठेवून घरी बसले. तू आतल्या खोलीत पलंगावर, मी स्वयंपाकघरात. तुला काही हवं असेल तर कळणार कसं? शेजारच्या मावशींनी देवघरातली पितळी घंटा आणून दिली. तू ती हातात घेऊन उलटसुलट बघितलीस आणि पाटीवर लिहिलंस, "घंटा फोटोपुढे वाजवतात. माझा अजून फोटो झालेला नाही." मावशी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या आणि मी हसायला लागले. तू दोघींकडेही वैतागून बघितलंस.

दुसऱ्या दिवशी तू मला ट्रंक उघडायला लावलीस. तुझी हिरवी इरकल साडी काढायला सांगितलीस. लालभडक काठाची, माझ्या लग्नात मला द्यायची म्हणून ठेवलेली. आणि पाटीवर लिहिलंस, "काठ फाड." मी नाही म्हटलं. तू पुन्हा तेच दोन शब्द गिरवलेस, पेन्सिल मोडेपर्यंत. मग मी काठ फाडला आणि तू बसल्या बसल्या त्याला पीळ देऊन लांबच लांब दोरी केलीस. एक टोक आपल्या पंजाला गुंडाळलंस. दुसरं टोक मला जवळ बोलावून माझ्या कमरेला बांधलंस, गाठ पक्की मारलीस, गाठीवर हात थोपटलास. दोरी पलंगापासून उंबरठ्यावरून थेट शेगडीपर्यंत पोचत होती. लग्नात द्यायची साडी तू मला अशी दिलीस.

तेव्हापासून घरात असेपर्यंत मी कमरेला तुझा काठ बांधून असायचे. पाणी हवं, तू ओढायचीस. कूस बदलायची, ओढायचीस. मी "आले, आले" करत जायचे. भाजी चिरताना ओढ यायची, कणीक मळताना यायची, मी भरल्या हातानेच यायचे. आणि हळूहळू असं व्हायला लागलं की मी यायचे आणि तुला काहीच नको असायचं. "काय हवंय?" विचारलं की तू मान हलवायचीस, जा म्हणून खूण करायचीस. मी परत शेगडीशी पोचते न पोचते तोच पुन्हा हलकीशी ओढ. मग माझ्या लक्षात आलं. तू फक्त बघत होतीस, पलीकडे कोणी आहे का. त्या दिवशी मी जागची उठले नाही. दोरी हातात घेतली आणि इकडून तेवढीच हलकी ओढ दिली. आतून लगेच उत्तर आलं. मी पुन्हा दिली. असं आपलं बोलणं सुरू झालं, आई. तू आवाज असताना माझ्याशी जेवढं बोलली असशील त्याहून जास्त त्या दोरीतून बोललीस. मी पोळ्या लाटता लाटता ओढायचे, तू ओढायचीस. कधी तुझी ओढ रागाची असायची, आमटी करपल्याचा वास आतपर्यंत गेलेला असायचा. ती मला बरोबर कळायची.

ती सकाळही तशीच होती. मी तुझ्यासाठी पेज टाकली होती. बाहेर कारखान्याचा भोंगा झाला, लोक सायकली काढत होते. मी पेज ढवळत एका हाताने दोरी ओढली. उत्तर नाही. म्हटलं डोळा लागला असेल. थोडी थांबले, पुन्हा ओढली. दोरी आली. नुसती आली, उंबरठ्यावरून, माझ्याकडे. मी ओढत राहिले आणि ती येत राहिली, आणि शेवटी टोकसुद्धा आलं, तुझ्या पंजाच्या गोल वळ्यासकट. मी आत गेले नाही. सगळी दोरी मांडीवर गोळा करून शेगडीशी बसून राहिले. पेज उतू गेली, शेगडी विझली. वास आला म्हणून मावशी आल्या. आधी त्या आत गेल्या, मग माझ्याकडे आल्या. "पोरी, ऊठ. आता हे सोड." मी गाठीला हात लावला तर ती सुटेना, इतक्या दिवसांच्या ओढीने आवळली गेली होती. आणि बाहेर माणसं यायला लागली होती. मावशींनी तुझ्या शिलाई मशीनच्या खणातली कात्री घेतली आणि माझ्या कमरेपाशी काठ कापला. त्या बिचाऱ्या तरी दुसरं काय करणार होत्या? पण त्या कात्रीचा आवाज मला अजून येतो. तू गेलीस ते मला दोरी सैल झाल्यावर कळलं होतं. आपण सुटलो ते त्या आवाजाने कळलं.

म्हणून त्या दिवशी खडकीत, बाईंनी धागे नीट ताणले गेलेत का बघायला पलीकडची दांडी जराशी ओढली आणि मी उठले. एवढ्या वर्षांत माझ्या कमरेने दुसरं काही शिकून घेतलंच नव्हतं. बाई गुंत्याकडे बघत होत्या, मग माझ्याकडे. ओरडल्या नाहीत. "दीदी, कोणी बोलावलं?" एवढंच विचारलं. मी खोटं बोलणार होते, पाय आखडला म्हणणार होते. पण तोंडातून आलं, "आईने." बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "आईने बुलाया तो जाना पडता है." आणि खाली बसून काड्या गोळा करायला लागल्या. मी तिथेच भिंतीला टेकून रडले, आई, नाकडोळे एक करून, परक्या बाईच्या घरात, परक्या माणसाच्या बुटांसमोर. तुझ्या तेराव्यालाही अशी रडले नव्हते. तेव्हा मावशी कोणाला तरी म्हणाल्या होत्या, पोरगी दगडाची आहे.

गुंता सोडवायला पुढच्या दोन खेपा गेल्या. सोडवता सोडवता बाईंनी त्यांच्या आईचं सांगितलं. त्या लहान होत्या तेव्हा पहिला माग लावायला त्यांच्या आईने खांब वापरलाच नाही. पलीकडची दांडी स्वतःच्या कमरेला बांधून ती समोर बसायची. मुलगी इकडून रेलणार, आई तिकडून. मुलगी पुढे झुकली की आईला तिकडे लगेच कळायचं. "खांब को समझता नहीं ना दीदी, तुम्ही थकलात की रुसलात. आईला कळतं." आणि त्या कापडाचा शेवटही सांगितला. विणत विणत शेवटाला आलं की थोडे उभे धागे उरतात, तिथे हात शिरत नाही, धोटा जात नाही. तिथेच कात्री लावायची, मग कापड मागावरून सुटतं. "पण पहिलं कापड मुलगी नाही काटत. आई काटते. आमच्या घरात तसंच." मी खाली मान घालून गाठ उकलत राहिले. कात्रीचा विषय निघाला की मी गप्प बसते, हे त्यांना तोवर कळलं होतं बहुधा.

त्याच दिवशी घरी येऊन मी कपाटातून तुझा काठ काढला. कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेला, कुठेही कसर लागलेली नव्हती. पीळ सोडला. तुझ्या हाताचा पीळ होता, तो सोडताना मी फार वेळ घेतला. लाल रंग मधल्या घडीत अजून तसाच आहे, बाहेरून विटलाय, आणि कमरेच्या टोकाला हळदीचा डाग आहे, तो माझ्या बोटांचा. कात्री नाही लावली. दाताने चीर पाडून हातानेच त्याच्या बारीक चिंध्या उभ्या फाडल्या आणि एकीला एक जोडत गेले. बाईंना विचारलं, आडवा धागा म्हणून ह्या चालतील का? त्यांनी बोटांत धरून पाहिल्या. "चालेल. जाड होईल, पण चालेल." हे कोणाचं, ते त्यांनी विचारलं नाही.

आता माग घरी आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला मी दांडी बांधते आणि ओट्याकडे पाठ करून बसते. हे चहा घ्यायला येतात आणि म्हणतात, "बांधून कशाला ठेवलंयस स्वतःला? ह्या वयात पळून जाऊन जाशील कुठे?" मग कप घेऊन माझ्या पायांवरून जपून पलीकडे जातात, धाग्याला धक्का लागू देत नाहीत. माझ्या कडा आता बऱ्यापैकी सरळ येतात. तुझ्या लाल चिंध्या काळ्या धाग्यांतून अशा दिसतात की मध्येच काठाचा बुट्टा ओळखू येतो, मध्येच नाही. तो हळदीचा डाग मी मुद्दाम वर येईल असा ठेवला. तुला ते आवडलं नसतं. "डाग काय मिरवतेस?" म्हणाली असतीस.

बाई आता गावी चालल्यात, कायमच्या. यजमानांची इथली नोकरी संपली, नाताळाच्या आत घरी पोचायचंय. सामान बांधून झालंय. परवा फोन आला त्यांचा. म्हणाल्या, "दीदी, कापड घेऊन या. मी समोर बसते, दांडी माझ्या कमरेला बांधू आणि मी काटते. मैं तुम्हारी माँ नहीं हूँ, पण कोणीतरी पाहिजे ना." इतकं चांगलं कोण बोलतं आजकाल? त्यांच्याइतका हक्क आज दुसऱ्या कोणाचाही नाही. आणि ते टोक गाठवायचं कसं, दशा वळायच्या कशा, हे शेवटचं शिकवायचं त्यांनी राखून ठेवलंय. त्या गेल्या की मला ते कोण दाखवणार? हे सगळं मला कळतं. कापलं नाही तर ते कापड होत नाही, काड्यांवरचे धागेच राहतात, हेही त्यांनीच शिकवलंय.

पण मी दुपारी जेवणं झाली की पट्टा बांधून बसते, आई. पाठ सरळ ठेवते. मागे रेलते आणि पलीकडून धरून ठेवलेलं असतं. कमरेने हलकीशी ओढ देते. उत्तर येत नाही, मी काही वेडी नाही, खिडकीचा गज आहे तो. पण दोरी माझ्याकडे येत नाही. कितीही रेलले तरी येत नाही. तेवढ्यासाठी मी बसते.

उद्या संध्याकाळची त्यांची गाडी आहे. मी फोनवर म्हटलं, "अहो, अजून थोडं विणायचं राहिलंय हो. नाही जमणार." त्या म्हणाल्या, "ठीक आहे दीदी. आराम से." हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाहीच आहे, म्हणून तुला तरी खरं सांगते. तुझा काठ गेल्या आठवड्यातच संपला. धोटा डब्यात ठेवून दिलाय. विणायचं काहीच राहिलेलं नाही.